एक्सएलएचं निदान झालं, आता पुढे काय? नव्या पालकांसाठी पायरीपायरीने

मुलाच्या रिपोर्टवर ‘एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया’ (थोडक्यात एक्सएलए) असं लांबलचक नाव आलं, डॉक्टरांनी थोडक्या वेळात बरंच काही समजावलं आणि घरी आल्यावर त्यातलं निम्मंही आठवेना. अशा अवस्थेत असलेल्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. हा आजार जन्मभराचा आहे, हे खरं. पण त्यावर उपचार आहे, तो दशकानुदशकं वापरात आहे, आणि वेळेवर सुरू होऊन न चुकता चालू राहिला तर ही मुलं शिकतात, खेळतात, मोठी होऊन संसारही करतात. या आजारात घात होतो तो बहुतेक वेळा मूल ठणठणीत दिसत असताना केलेल्या ढिलाईमुळे. म्हणून खाली जे सांगितलं आहे, ते मूल बरं असतानाच करायचं आहे.

पायरी १: शरीरात काय कमी आहे ते समजून घ्या

जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांना आपण अँटीबॉडी किंवा प्रतिपिंडं म्हणतो. ती तयार करायचं काम बी-पेशी करतात. या बी-पेशी अस्थिमज्जेत टप्प्याटप्प्याने घडतात, आणि त्यांना पुढच्या टप्प्यावर जायला बीटीके नावाचं एक प्रथिन लागतं. त्या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्यात बिघाड असला की बी-पेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात, रक्तात जवळजवळ पोचतच नाहीत, आणि प्रतिपिंडं बनत नाहीत. टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) मात्र शाबूत असतात. त्यामुळे बऱ्याचशा विषाणूंशी हे मूल नीट लढतं. त्याला जड जातात ते न्यूमोकोकस, हिमोफिलस असे जिवाणू आणि पुढे सांगितलेले काही मोजके जंतू.

मुलगा पहिले काही महिने अगदी निरोगी होता, मग अचानक हे कुठून आलं, असा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात पडतो. गरोदरपणात आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळालेली असतात. ती साधारण सहा महिन्यांपर्यंत ओसरतात आणि तिथून कान वाहणं, न्यूमोनिया, सायनस यांची रांग लागते. आईच्या किंवा कुणाच्याही सांभाळण्यात काही कमी पडलेलं नसतं.

हा आजार प्रथम नोंदवला ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी बालरोगतज्ज्ञाने, १९५२ मध्ये. वारंवार रक्तात जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात त्यांना गॅमा ग्लोब्युलिन (ज्यात प्रतिपिंडं असतात तो प्रथिनांचा गट) सापडलंच नाही, आणि त्यांनी तेच बाहेरून टोचून त्याला बरं ठेवलं. आजचा उपचार त्याच मार्गाने पुढे आला आहे. जनुक सापडलं १९९३ मध्ये, आणि बीटीके हे नाव ‘ब्रुटन टायरोसिन कायनेज’ यावरून पडलं.

पायरी २: निदान पक्कं करून घ्या

तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. पहिली, आयजीजी, आयजीए आणि आयजीएम या प्रतिपिंडांच्या तिन्ही प्रकारांची पातळी वयाच्या मानाने फारच कमी असणं. लहान मुलांचे सामान्य आकडे वयाप्रमाणे बदलतात, त्यामुळे रिपोर्टवर मोठ्यांची श्रेणी छापली असेल तर तिच्यावरून काहीच ठरवू नका. दुसरी, फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत सीडी-१९ खूण असलेल्या बी-पेशी २ टक्क्यांपेक्षा कमी असणं. तिसरी, बीटीके जनुकातला नेमका बदल सापडणं.

आयजीची (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजेच प्रतिपिंडं) पातळी आणि लसींना मिळालेला प्रतिसाद यांसाठीचं रक्त बाहेरून द्यायच्या आयजीचा पहिला डोस देण्याआधी घेतलं जायला हवं. एकदा बाहेरची प्रतिपिंडं शरीरात गेली की मुलाची स्वतःची किती होती, हे नंतर कळत नाही. जनुकाची आणि बी-पेशींची तपासणी मात्र नंतरही करता येते. म्हणून मूल फार आजारी असेल, तर जनुकाच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवून धरू नका.

बी-पेशी का मोजायच्या, तेही सांगते. काही बाळांत प्रतिपिंडं नुसती उशिरा बनू लागतात आणि पुढे आपोआप सुधारतात. त्यांच्या आयजीचे आकडेही कमी असतात, पण बी-पेशी जागेवर असतात. त्या मुलांची वाट वेगळी. शिवाय टॉन्सिल दिसतच नाहीत किंवा अगदी बारीक आहेत, हीसुद्धा एक्सएलएची ओळखीची खूण आहे. घशात डोकावून टॉन्सिल शोधणाऱ्या डॉक्टरांनी निदान लवकर गाठल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

जनुकाचा रिपोर्ट हातात आला की दोन प्रश्न विचारा. सापडलेला बदल आजार घडवणारा म्हणून निश्चित आहे, की ‘अर्थ अनिश्चित’ अशा वर्गात टाकला आहे? अनिश्चित असेल, तर मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींत बीटीके प्रथिन आहे की नाही हे तपासता येतं. आणि जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल, तर तो शेजारच्या जनुकापर्यंत पोचला आहे का? बीटीकेला लागूनच टीआयएमएम-८ए नावाचं जनुक आहे. तेही गेलं असेल तर बहिरेपण आणि हालचालींचे त्रास उद्भवू शकतात. अशा मुलाची श्रवणचाचणी लवकर करून घ्यायला हवी.

मुलीला अशीच लक्षणं असतील, तर आजार बहुधा दुसऱ्या एखाद्या जनुकातल्या बिघाडामुळे असतो. प्रतिपिंडं नसणाऱ्या रुग्णांपैकी मोठा वाटा बीटीकेचा, पण सगळा नव्हे. उपचार मात्र साधारण तेच.

पायरी ३: आज, आत्ता लसीकरणाचं कार्ड बाहेर काढा

हे काम पुढच्या भेटीवर ढकलू नका. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस जिवंत विषाणूची असते. प्रतिपिंडं नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत राहू शकतो आणि लकवाही घडवू शकतो. हे थेंब या मुलाला द्यायचे नाहीतच, पण त्याच्या घरातल्या दुसऱ्या लहान मुलालाही द्यायचे नाहीत, कारण विषाणू शौचावाटे बाहेर पडून घरात पसरतो. भावंडांना पोलिओची इंजेक्शनवाली लस द्या. निदानाआधी थेंब दिले गेले असतील तर घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना सांगा. शौचाची तपासणी करता येते.

बीसीजी, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस, टायफॉइडची तोंडावाटे घ्यायची लस याही जिवंत लशी आहेत, त्याही टाळतात. गोवराच्या लसीचा आयजी चालू असताना फारसा उपयोग होत नाही, कारण दात्यांकडून आलेली प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच निकामी करतात. तीच प्रतिपिंडं मुलाचं गोवरापासून रक्षणही करतात. मृत जंतूंच्या लशींनी अपाय होत नाही. घरातल्या मोठ्यांनी मात्र दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन जरूर घ्यावं.

पायरी ४: आयजी सुरू करा आणि तारीख मोडू नका

सगळ्या उपचाराचा कणा हाच. हजारो निरोगी दात्यांच्या प्लाझ्मातून आयजीजी वेगळं काढून, विषाणू नष्ट करण्याच्या अनेक प्रक्रियांतून नेऊन हे औषध बनतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. शिरेतून दिलं तर आयव्हीआयजी, त्वचेखाली दिलं तर एससीआयजी.

शिरेतून देताना नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन ते चार आठवड्यांनी. म्हणजे १० किलोच्या मुलाला ४ ते ६ ग्रॅम. औषध १० टक्क्यांचं असेल तर १ ग्रॅम म्हणजे १० मिलिलिटर, ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलिलिटर. हा हिशेब तुम्हाला यायला हवा, कारण मूल वाढतं आणि डोस मागच्याच आकड्यावर राहून जातो. दर भेटीला वजन करून घ्या आणि “डोस बदलायचा का?” हे तोंडाने विचारा.

तीन-चार आठवडेच का, तर शरीरात आयजीजीचं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त घेऊन जी पातळी मोजतात, तिला ट्रफ लेव्हल म्हणतात. पूर्वी डेसिलिटरला ५०० मिलिग्रॅम पुरेसे धरत. आता बहुतेक तज्ज्ञ ७०० ते ८०० किंवा त्याहून वर ठेवतात. तरी हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नसतो. ज्या पातळीवर तुमचं मूल संसर्गाविना राहतं, ती त्याची पातळी. आकडा ‘नॉर्मल’ असूनही कान वाहतच असेल, तर डोस वाढवण्याचा विषय तुम्ही काढा.

ड्रिपच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर. आदल्या दिवसापासून मुलाला भरपूर पाणी पाजा. डोकेदुखी कमी होते. बाटली फ्रीजमधून काढून सामान्य तापमानावर येऊ द्यावी लागते. ती हलवायची नसते, फेस होतो. औषध गढूळ दिसलं किंवा त्यात कण तरंगताना दिसले तर लावू देऊ नका. ड्रिप अगदी हळू सुरू करतात, मुलाला सोसते आहे हे पाहून वेग वाढवतात, आणि मधूनमधून ताप, नाडी, रक्तदाब पाहतात. थंडी वाजणं, डोकं दुखणं, पाठ दुखणं, मळमळ हे त्रास बहुतेकदा वेगामुळे होतात आणि वेग कमी केला की ओसरतात. धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला तर मात्र ड्रिप लगेच थांबवायला सांगा. घरी आल्यावर एक-दोन दिवसांत जोराची डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं असं झालं तर फोन करा. क्वचित मेंदूच्या आवरणाला जंतूंविना सूज येते, ती बरी होते, पण डॉक्टरांनी पाहायला हवी.

पहिल्या डोसला, मूल तापलेलं असताना आणि ब्रँड बदलल्यावर त्रास जास्त होतो. म्हणून सोसलेला ब्रँड विनाकारण बदलू नये. तो मिळतच नसेल तर बदललेला घ्या, पण हळू वेगाने. डोस चुकवण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

त्वचेखालच्या प्रकारात छोट्या पंपाने, पोटावर किंवा मांडीवर, साधारण आठवड्यातून एकदा औषध घरीच देता येतं. शिक्षण आधी दवाखान्यात घ्यावं लागतं. जागा सुजते, लाल होते, दोनेक दिवसांत उतरते. पातळी फारशी खालीवर होत नाही, शिरा शोधायची कटकट नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी हा पर्याय आवर्जून विचारात घ्यावा, असं माझं मत आहे. पण घरी नेमाने देणारं कुणी नसेल, तर दवाखान्यातली ठरलेली तारीखच जास्त भरवशाची.

पायरी ५: एक वही

मोबाइलमधले फोटो कामाचे आहेत, पण वही हवीच. प्रत्येक डोसची तारीख, वजन, ग्रॅम, ब्रँड, बॅच नंबर, वेग आणि त्रास लिहा. बॅच नंबर विसरू नका. पुढे एखाद्या बॅचबद्दल सूचना आली तर तोच लागतो. बाटलीवरचं स्टिकर काढून वहीत चिकटवलं तरी चालतं. शिवाय प्रत्येक ताप, प्रत्येक अँटिबायोटिक आणि बुडालेले शाळेचे दिवस. सहा महिन्यांची पानं समोर ठेवली की डॉक्टरांना डोस पुरतोय की नाही हे लगेच दिसतं.

वहीच्या पहिल्या पानावर निदान, रक्तगट, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि पुढचं वाक्य ठळक लिहा: ‘या मुलाची अँटीबॉडीवर आधारलेली तपासणी ग्राह्य धरू नये.’ उपचाराआधी ती खोटी निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडंच नसतात. उपचार सुरू झाल्यावर दात्यांची प्रतिपिंडं दिसून ती खोटी पॉझिटिव्हही येते, आणि मुलाला नसलेला आजार असल्याचं सांगितलं जातं. जंतू शोधायचा तर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणं) किंवा कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं). अनोळखी डॉक्टरांसमोर हे वाक्य फार उपयोगी पडतं.

पायरी ६: तापाची योजना आधीच ठरवा

मध्यरात्री विचार सुचत नाही. म्हणून आपल्या इम्युनोलॉजिस्टकडून (प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या तज्ज्ञाकडून) एक पत्र लिहून घ्या: किती तापाला यायचं, कुठे यायचं, कोणत्या तपासण्या करायच्या, कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटपासून ताप धरतात. शक्य असेल तिथे अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं किंवा कफाचं कल्चर घ्यावं. अँटिबायोटिकचा कोर्स इतर मुलांपेक्षा लांब असतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून थांबवायचा नाही. मूल मलूल झालं, श्वास भरभर चालला, लघवी कमी झाली तर पत्र वाचत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. काही मुलांत निदानाच्या वेळी जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीही फार कमी असतात, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच हवं.

पायरी ७: फुफ्फुसांवर कायम नजर

हा भाग दोनदा वाचा. बाटलीतून मिळतं ते आयजीजी. श्वासनलिका आणि सायनसच्या ओल्या अस्तरावर पहारा देणारं आयजीए त्यातून मिळत नाही, आयजीएमही नाही. म्हणूनच रक्तातले मोठे संसर्ग थांबले, तरी छातीत आणि सायनसमध्ये बारीक संसर्ग धुमसत राहू शकतो. त्यातून श्वासनलिका रुंदावतात, त्यांत कफ साचतो, कफात पुन्हा जंतू वाढतात. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि ते होत असताना मूल धावत-पळत असतं. मोठ्या वयातल्या एक्सएलए रुग्णांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच.

काय करायचं? निदानानंतर एकदा छातीचा सीटी स्कॅन करून सुरुवातीची स्थिती नोंदवून ठेवतात. पुढचे स्कॅन किती वर्षांनी करायचे ते डॉक्टर ठरवतील. किरणांचा विचार करून कमी मात्रेचा स्कॅन मागता येतो. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, फुंकर नीट मारू लागलं, की फुफ्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री नियमाने करा. चार आठवड्यांहून जास्त टिकणारा ओला खोकला ‘सवयीचा’ समजू नका. कफ निघत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून छाती मोकळी करण्याचे व्यायाम शिकून घ्या आणि ते दात घासण्याइतके रोजचे करा. काहींना दीर्घकाळ अँटिबायोटिक द्यावं लागतं. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती बंद व्हायलाच हवी, इथे तडजोड नाही.

पायरी ८: आणखी तीन ठिकाणं

एंटेरोव्हायरस हा विषाणूंमधला अपवाद. त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं लागतात. तो मेंदूत शिरला तर आजार हळूहळू वाढतो. चालण्यात फरक, ऐकू कमी येणं, स्वभाव बदलणं, शिकलेलं विसरणं असं काही दिसलं तर थांबू नका. पुरेशा आयजीमुळे याचं प्रमाण कमी झालं आहे. सांधा सुजला आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काही सापडलं नाही, तर मायकोप्लाझ्मा, युरिआप्लाझ्मा हे जिवाणू शोधायला सांगा. जुलाब लांबले, वजन उतरलं तर जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा नीट गाळलेलं असावं.

पायरी ९: शाळा

शाळेत पाठवा. हा आजार संसर्गजन्य नाही, हे शिक्षकांना लेखी कळवा. ‘इम्यून डेफिशियन्सी’ ऐकून काहींचा गैरसमज होतो. मैदानी खेळ, मित्र, सहली सगळं चालतं. मुलाला कोंडून ठेवल्याने फुफ्फुसं वाचत नाहीत, वेळेवर घेतलेल्या डोसमुळे वाचतात.

पायरी १०: कुटुंबाची तपासणी

जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. आई वाहक असेल (जनुकातला बदल तिच्यात आहे, पण आजार नाही), तर प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. बऱ्याच घरांत आधी कुणालाच आजार नसतो, कारण बदल नव्यानेच झालेला असू शकतो. म्हणून आईची तपासणी झाल्याशिवाय काही गृहीत धरू नका. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुढच्या बाळाबाबत जेनेटिक काउन्सेलरशी बोला, कारण क्वचित काही बीजांडांतच हा बदल असतो.

आई वाहक निघाली तर आईकडचं गोत पाहा: मामा, मावशीचे मुलगे, आजीचे भाऊ. लहानपणी न्यूमोनियाने गेलेला एखादा मामा आजीला आठवतो, आणि तिथून मावशीला तपासणीची गरज कळते. हे बोलणं जड असतं. दोष देण्याचा सूर येऊ लागला की तिथेच थांबवा. जनुक कुणी निवडून घेत नाही. घरातला बदल माहीत असेल तर गर्भजल किंवा वारेच्या तपासणीतून पुढच्या बाळाबद्दल कळू शकतं, आयव्हीएफ करताना भ्रूणही तपासता येतो. यातलं काहीच नको असेल, तर मुलगा जन्मल्यावर लगेच बी-पेशी मोजून घ्या. पहिला न्यूमोनिया होण्याआधीच त्याला आयजी सुरू करता येतं.

बोन मॅरोबद्दल

हा प्रश्न सगळे विचारतात. एससीआयडीसारख्या आजारांत, जिथे टी-पेशीच नसतात, तिथे प्रत्यारोपण जीव वाचवतं आणि ते लवकर करावं लागतं. एक्सएलएमध्ये आयजीवर मूल चांगलं राहतं, आणि प्रत्यारोपणाचे धोके त्यापेक्षा मोठे ठरू शकतात, म्हणून ते सहसा करत नाहीत. जीन थेरपीवर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण ती एक्सएलएचा नेहमीचा उपचार झालेली नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि सिरप घेऊन बी-पेशी तयार होत नाहीत. त्यांच्या नादात एकही डोस पुढे ढकलू नका.

पायरी ११: वही मुलाच्या हातात

दहा-अकराव्या वर्षापासून मुलाला बॅच नंबर लिहायला द्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी डॉक्टरांशी आधी त्याने बोलावं, मग तुम्ही. डोस चुकण्याचा काळ म्हणजे घर सोडून शिकायला जाण्याचा. नव्या गावातला दवाखाना आणि पहिल्या डोसची तारीख प्रवेश घेतानाच ठरवून टाका. आणि लग्नाच्या वयाचा होण्याआधी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: त्याच्या मुलग्यांना त्याच्याकडून हा आजार जाणार नाही, कारण मुलग्याला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळतं. त्याच्या सगळ्या मुली मात्र वाहक असतील, आणि तो रिपोर्ट त्यांच्यासाठी जपून ठेवायचा आहे.